अंत्यविधीच्या खर्चासाठी मदत कुठे मागायची? दारात मयत असताना शेकड्याने पैसे काढावे लागू नयेत म्हणून

प्राजक्त:

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे नऊ वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे यजमान गेल्या महिन्यात गेले. गवंडी होते, वय ५२. पिंपरी-चिंचवडला वस्तीत घर, मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात. रात्री दोनला छातीत कळ आली, जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, पहाटे पाचला सगळं संपलं.

मावशी पंधराव्या दिवशी कामावर हजर. मी म्हटलं, एवढ्यात कशाला आलात? तर म्हणाल्या, "ताई, व्याज सुरू झालंय."

त्यांच्यासोबत बसून हिशेब मांडला. दवाखान्याचे ११ हजार. गावी न्यायच्या गाडीचे १३ हजार. तिरडीचं सामान, लाकडं, गोवऱ्या मिळून ६ हजार. पाहुण्यांची ने-आण ६ हजार. आणि दहावा-तेराव्याचे २२ हजार. एकूण ५८ हजार. त्यातले ४० हजार वस्तीतल्या एका माणसाकडून शेकडा दहाने काढले. म्हणजे महिन्याला ४ हजार नुसतं व्याज. आमच्या घरी त्यांना ४ हजारच मिळतात. आमच्याकडचा सगळा पगार व्याजालाच जाणार, मुद्दल जागच्या जागी.

मला पहाटे फोन का केला नाही विचारलं. "असला निरोप द्यायला पहाटे कुणाच्या घरी फोन करायचा?" एवढंच म्हणाल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मावशींना आता काही मिळू शकतं का? दोन, अशा वेळी पहिल्या काही तासांत कुणाला फोन करावा? पुढच्या कुणावर ही वेळ आली तर निदान माहिती हाताशी असेल.

पांथस्थ:

वाचून पोटात तुटलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण मी गेली वीस वर्षं मुंबईत शेजारपाजारच्या मयतीत पुढे असतो.

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की दहनाला स्वतःला फारसा खर्च नाही. मुंबई महापालिकेच्या स्मशानभूमीत लाकूड मोफत मिळतं, एका देहाला साधारण ३०० किलो. विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी घेतली तर तीही मोफत. इतर शहरांचे नियम वेगवेगळे आहेत, पण पालिकेच्या स्मशानभूमीतल्या कारकुनाला थेट फोन करून विचारायचं: लाकडाचं काय, दाहिनीचं काय, शववाहिनी पालिकेची आहे का? पैसे जातात ते मधल्या माणसाकडे. दवाखान्याच्या दारात उभा असलेला माणूस "सगळं मी बघतो" म्हणतो आणि घरचे सुन्न असतात, मान हलवतात. त्या वेळी घरातल्या कुणी बोलूच नये. शेजारचा एक शांत माणूस पुढे करावा आणि भाव त्यानेच ठरवावा.

१०८ ची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही, त्यामुळे तिची वाट बघत बसू नका. पालिकेची शववाहिनी मागवा. अनेक ठिकाणी गणेश मंडळांच्या, ज्ञातिसंस्थांच्या गाड्याही असतात, फक्त डिझेलवर देतात.

घरी मृत्यू झाला असेल तर सगळ्यात आधी डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) घ्या. तो नसेल तर स्मशानात अडतं. आणि ऐन वेळी येणारा डॉक्टर शोधायला रात्री फार वणवण होते, म्हणून घरात आजारी माणूस असेल तर नेहमीच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. हे बोलणं जड जातं, पण मी अनेक घरांत ते करायला लावलं आहे.

शेवंता:

प्राजक्तताई, मृत्यूची नोंद कुठे केली ते आधी बघा. नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते, गावी दहन केलं तरी. म्हणजे मावशींना दाखला पिंपरी-चिंचवड पालिकेतून मिळेल, गावच्या ग्रामपंचायतीतून नाही. आमच्या चुलत्यांच्या वेळी यातच चार महिने गेले. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर काही शुल्क नाही. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते, तरी जाऊन खात्री करा. नाव, वय, आधारवरचं स्पेलिंग सगळं जुळतंय ना ते बघा. पुढची प्रत्येक मदत त्या एका कागदावर अवलंबून आहे. मूळ प्रती पाच-सहा काढून ठेवा.

निवृत्त_कारकून:

गवंडी होते ना? मग पहिला प्रश्न: बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती का?

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला कामगार ५० ते ६० वयात गेला तर अंत्यविधीसाठी १० हजार रुपये मिळतात. त्याशिवाय नैसर्गिक मृत्यू असेल तर वारसाला २ लाख, कामावर असताना मृत्यू झाला तर ५ लाख. विधवेला वर्षाला २४ हजार, पाच वर्षं. अट एकच महत्त्वाची: मृत्यूच्या दिवशी नोंदणी जिवंत हवी. नोंदणी दर वर्षी नूतनीकरण करावी लागते आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा भांड्यांच्या संचासाठी एकदा कार्ड काढतात आणि मग ते ट्रंकेत पडून राहतं.

मावशींना घरातली ट्रंक उघडायला सांगा. कार्ड किंवा पावती सापडेल.

आणि त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगा. हे कुणाचे उपकार नाहीत. बांधकामाच्या खर्चावर कायद्याने १ टक्का उपकर घेतला जातो, त्यातून हा निधी उभा राहतो. ज्या इमारतींच्या भिंती त्यांच्या यजमानांनी उभ्या केल्या त्यांतूनच हा पैसा आला आहे. अनेक बायका "सरकारकडे हात कशाला पसरायचा" म्हणून अर्जच करत नाहीत. मी नोकरीत असताना हे फार पाहिलं.

दुसरं, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल आणि कर्ता माणूस (किंवा कर्ती बाई) १८ ते ५९ वयात गेला असेल तर एकरकमी २० हजार. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या शाखेत. मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, यादीतला उतारा. उतारा गावाकडचा असेल तर अर्ज कुठल्या तालुक्यात करायचा हे आधी विचारून घ्या, नाहीतर दोन्हीकडे हेलपाटे होतात.

त्याच शाखेत संजय गांधी निराधार योजनेचाही अर्ज असतो, महिना १,५०० रुपये. उत्पन्नाची अट २१ हजार वार्षिक आहे, फार कडक. तरी विचारा.

यातला एकही पैसा तेराव्याच्या आत मिळत नाही. ही मदत कर्ज फेडायला आहे, लाकडं आणायला नाही.

लाल_डबा:

काकांनी शेवटी लिहिलं तोच खरा पेच आहे. सरकारी मदत नंतर येते, पैसे पहाटे सहाला लागतात. त्या पहाटेसाठी आमच्या कोकणातल्या लोकांनी फार पूर्वी एक उपाय काढला आहे. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

माझे आजोबा गिरणीत होते. परळला गावच्या मंडळाची खोली होती. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळ्यांनी झोपायची, खानावळीत जेवायची. कुणी मुंबईत मेलं तर त्याला कोण उचलणार? बायको-पोरं गावी. म्हणून मंडळाने मयत फंड काढला. प्रत्येक घरामागे महिन्याला ठरलेली वर्गणी, वेगळी वही, वेगळा खजिनदार. ती वही लग्नासाठी उघडायची नाही, देवळाच्या जीर्णोद्धारासाठीही नाही. फक्त मयतीसाठी.

गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, माणसं विरार-दिव्याला गेली, पण फंड चालू आहे. आमच्या वाडीची मुंबईत ६२ घरं आहेत. घरटी महिना ५० रुपये. कुणी गेलं की खजिनदार त्याच दिवशी १५ हजार रोख घरात नेऊन देतो. विचारणा नाही, अर्ज नाही, सही दुसऱ्या दिवशी. आणि नियम असा की श्रीमंत असो गरीब असो, रक्कम तीच आणि ती प्रत्येकाने घ्यायचीच. सधन घरं नंतर देणगी म्हणून परत करतात, पण आधी घेतात. हा नियम ज्याने केला त्याला मी मनापासून मानतो. सगळ्यांनीच घेतले की घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

माझे वडील गेले तेव्हा माझ्या खात्यात पैसे होते. पण पहाटे चारला खजिनदार काका पाकीट घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी पहिल्यांदा रडलो.

मावशींच्या वस्तीत असा फंड उभा करता येईल. बचत गट असेलच. गटाच्या बैठकीत वेगळी वही सुरू करायची. वीस बायका, महिना ५० रुपये, वर्षाला १२ हजार होतात. पण दोन गोष्टी पाळा: वही आणि पैसा एकाच्या हातात नको, आणि फंडातून उसने द्यायचे नाहीत. उसने सुरू झाले की फंड संपतो.

माणदेशी_माती:

खर्चाच्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा दहावा-तेराव्याचा आहे, याकडे कुणीच बोट दाखवलं नाही म्हणून लिहितो. ५८ पैकी २२ हजार.

आमच्या गावात ग्रामसभेत ठरलं. दहाव्याला टॉवेल-टोपी, साडी असला आहेर बंद. त्या टॉवेलांचं घरचे काय करणार? शंभर टॉवेल आणि घरात मीठ नाही अशी गत व्हायची. आता प्रत्येक जण पाकिटात १०० रुपये घालतो, ग्रामपंचायतीचा शिपाई वहीत नोंद करतो आणि पैसे थेट घरच्या बाईच्या हातात जातात. जेवण एकच, तेही पिठलं-भाकरी नाहीतर भात-आमटी. भावकीने आपापला कोरडा शिधा आणायचा. पहिल्या वर्षी दोन घरांनी नाक मुरडलं. नंतर त्यांच्याच घरी मयत झालं आणि त्यांनीही तसंच केलं.

गाडगेबाबा आयुष्यभर कर्ज काढून सण-समारंभ करू नका म्हणून सांगत फिरले. त्यांना जाऊन आता ७० वर्षं होत आली.

प्राजक्त:

माणदेशी_माती, हे मी मावशींना विचारलं होतं. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. "माणूस रोज उन्हात मरत होता, त्याच्या नावानं चार माणसं जेवली नसती तर मला झोप लागली नसती." मला यावर काही बोलता आलं नाही. तेरावं करूच नका असं मी सांगू शकत नाही. फक्त ते शेकडा दहाच्या पैशावर व्हायला नको होतं.

माणदेशी_माती:

मान्य ताई. विधवा बाईने एकटीने "जेवण नाही घालणार" म्हणणं सोपं नसतं. म्हणूनच गावाने ठरवावं लागतं. एकटीवर टाकलं तर ती कर्जच काढेल.

वीटभट्टी_शाळा:

मी रायगडमध्ये वीटभट्टीवरच्या मुलांना शिकवते. कातकरी कुटुंबांत उचल कशासाठी घेतली विचारलं तर तीन उत्तरं येतात: लग्न, आजारपण, मयत. मालकाकडून ऐन पावसाळ्यात १५-२० हजार घेतात आणि ते फेडायला दिवाळीनंतर अख्खं कुटुंब सहा महिने भट्टीवर. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीच्या मयतीची उचल तिसऱ्या हंगामातही फिटलेली नव्हती. ती मुलगी तिसरीत तीनदा बसली.

म्हणून हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. अंत्यविधीचा खर्च दिसायला एका दिवसाचा असतो.

दर्यावर्दी:

आमच्याकडे मुस्लिम समाजात जमातीकडून कफन-दफनाची सोय होते. गरीब घर असेल तर मशिदीच्या ट्रस्टकडे किंवा बैतुलमालकडे (गरजूंसाठी असलेल्या समाजाच्या निधीकडे) निरोप गेला की पुरे. कबर खोदणाऱ्याचे पैसे, कापड, जनाजा सगळं बघितलं जातं आणि बाहेर कुणाला कळतही नाही. दफन लवकर करायचं असतं, त्यामुळे खर्च मुळात कमी. वसईकडचे माझे ख्रिस्ती मित्र सांगतात की त्यांच्याकडे पॅरिशमधल्या सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीला सांगितलं तर शवपेटीपासून मदत होते. बौद्ध घरांत बौद्धजन पंचायत समितीच्या शाखेचे लोक येतात. आपला जो समाज असेल त्यात आधी विचारावं, लाजू नये.

परदेशातल्यांसाठी एक ओळ. माझा मामेभाऊ मस्कतमध्ये गेला. कंपनीने टाळाटाळ केली तेव्हा भारतीय दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून देह आणायला मदत झाली. हा निधी २००९ पासून आहे आणि गरजू कामगारांच्या बाबतीत देह मायदेशी आणायचा खर्च त्यातून करता येतो.

चाकणकर_दादा:

ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्यांच्यासाठी. विमाधारक कामगार गेला तर अंत्यविधीच्या खर्चापोटी १५ हजारांपर्यंत मिळतात. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला, किंवा घरचे नसतील तर ज्याने प्रत्यक्ष खर्च केला त्याला. नोकरीला किती दिवस झाले याची अट नाही. पण मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत दावा करायचा.

माझा धाकटा भाऊ ठेकेदाराकडे होता, महिना १४ हजार पगार. तो गेला तेव्हा ठेकेदाराने "तुमचं काही नाही" सांगून मोकळं केलं. पाच महिन्यांनी जुन्या पगारपत्रकावर ईएसआयचा क्रमांक दिसला. तोवर मुदत गेली होती. कापलेले पैसे माझ्या भावाचे होते, आणि त्याच्या लाकडांना ते कामी आले नाहीत. हे मी अजून विसरलेलो नाही. पगारपत्रक बघा, मेसेज बघा. पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमाही असतो (ईडीएलआय), तो ७ लाखांपर्यंत मिळू शकतो, त्याचाही अर्ज करा.

आणि बँकेचं पासबुक भरून आणा. मे-जूनच्या आसपास ४३६ रुपयांची वजावट दिसली तर जीवन ज्योती विमा आहे, २ लाख. २० रुपयांची दिसली तर सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताला. लोकांना खातं उघडताना कशावर सही केली ते आठवत नाही.

शेवंता:

पासबुकावरून आठवलं, गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. अडचण कितीही असो. नंतर दिराने-जावेने तेच धरून आमच्या ओळखीच्या बाईला दोन वर्षं कचेऱ्यांत फिरवलं. नामनिर्देशन असेल तर दाखला आणि ओळखपत्र देऊन बँक पैसे देते.

पांथस्थ:

दवाखान्याच्या ११ हजारांबद्दल राहिलंच. बिल थकलं म्हणून देह अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे. बिलाची वसुली दवाखान्याने रीतसर करावी, देह ओलीस ठेवून नाही. शांतपणे पण ठामपणे सांगा, ऐकलं नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं त्यांना बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटा, शिधापत्रिका दाखवा.

सावकाराचं म्हणाल तर परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, तक्रार सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. पण मावशींना त्याच गल्लीत राहायचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय तक्रार करू नका.

प्राजक्त:

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्याने लिहिते आहे.

ट्रंक उघडली. मंडळाचं कार्ड सापडलं आणि मृत्यूच्या दिवशी ते चालू होतं, संपायला दोन महिने होते. मुलाने दहावीला असताना शिष्यवृत्तीसाठी नूतनीकरण केलं होतं, तेवढ्यामुळे वाचलं. १० हजार आणि २ लाख दोन्हींचे अर्ज भरले, पोच घेतली. पैसे अजून आलेले नाहीत. कुटुंब लाभसाठी लागणाऱ्या दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव गावाकडे आहे, मुलगा पुढच्या आठवड्यात तहसीलला जाणार आहे. पासबुकात २० रुपयांची वजावट होती, ४३६ ची नाही.

कर्जाचं असं केलं. मावशी आमच्यासकट पाच घरांत काम करतात. पाचही घरांनी मिळून ४० हजार जमवले आणि त्या माणसाचं मुद्दल एका दिवसात चुकतं केलं, त्याने सही घेऊन ठेवलेला कोरा कागद परत घेतला. कुणाचाही फोटो कुठल्या ग्रुपवर टाकला नाही. मावशींनी अट घातली की हे उसने आहेत आणि मंडळाचे पैसे आले की त्या परत करणार. लाल_डबा, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये हे तुमचं वाचून मी ती अट मान्य केली.

मयत फंडाची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. बचत गटात १४ बायकांनी होकार दिला आहे, वही घेतली आहे, किल्ली एकीकडे आणि वही दुसरीकडे.

काल त्यांच्या गल्लीतल्या सहा घरांची बांधकाम कार्डं पाहिली. चार संपलेली आहेत. रविवारी त्यांचे कागद गोळा करायला बसणार आहोत.

निवृत्त_कारकून:

ताई, मी चिंचवडलाच राहतो, रविवारी येतो. प्रत्येकाचं आधार, बँकेचं पासबुक, शिधापत्रिका आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागेल. दाखल्यावर ठेकेदाराची सही घेताना अडचण येते, तेव्हा शनिवारीच सगळ्यांना ठेकेदाराकडे पाठवा. पत्ता खाजगी निरोपात कळवा.